डाव्या हाताला भीमा

"खोगीर कुठंय?" हा विनोद गेल्या सात वर्षांत मी किती वेळा ऐकला, याचा हिशेब ठेवायला हवा होता. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो जगात पहिल्यांदा सुचलेला असतो आणि मी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते. भीमा ग्रेट डेन जातीची कुत्री आहे, माझा तोल सांभाळायला मदत करणारी. खांद्यापाशी ३१ इंच, वजन ५७ किलो, रंग पावसाळी ढगाचा आणि चेहरा कायम कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा. कधी वेळ असला तर मी त्या माणसाला सांगते, की अमेरिकेतल्या अपंगांच्या कायद्याच्या नियमांत मदतनीस कुत्र्यांबरोबर बुटक्या जातीच्या घोड्यांचीही खरोखर तरतूद आहे. तो जरा गडबडतो, तेवढ्यात आम्ही सटकतो.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०१६च्या हिवाळ्यात माझ्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला. कित्येक आठवडे शिरेतून औषधं चालली, त्यातलं एक जेंटामायसिन. जीव वाचला, पण त्या औषधानं जाताजाता दोन्ही कानांच्या आतला तोल सांभाळणारा भाग नेला. हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, लाखात एखादा वगैरे नाही. ऐकू मला उत्तम येतं. चक्करही येत नाही, आणि लोकांना समजावणं अवघड जातं ते इथंच. चालायला लागले की समोरचं सगळं हलतं, पळतापळता मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओसारखं. दुकानाची पाटी वाचायची तर थांबावं लागतं. उजेडात, सपाट फरशीवर माझं बरं चालतं. अंधारात, हिरवळीवर, गर्दीत मी झिंगल्यासारखी चालते. एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये एका बाईनं फार मायेनं जवळ येऊन विचारलं, "घरी सोडायला कुणाला बोलावू का? अशा अवस्थेत गाडी चालवू नकोस." मी नाशिकची, काढ्यापलीकडे काही न प्यालेली. हसावं की रडावं कळेना.

फिजिओथेरपिस्टनं मला एक गोष्ट करून दाखवली, ती सांगितल्याशिवाय कुत्र्याचं काही कळणार नाही. शरीर तोल सांभाळतं ते कान, डोळे आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव या तिघांच्या जिवावर. माझा एक गेलेला. दिवा गेला की दुसरा जातो, मऊ गादीसारख्या जमिनीवर तिसरा. तिनं मला फोमच्या तुकड्यावर डोळे मिटून उभं केलं. दोन सेकंदांत मी तिच्या अंगावर. मग म्हणाली, आता एक बोट भिंतीला लाव. दाबू नकोस, नुसतं लाव. आणि मी उभी राहिले. दहा सेकंद, वीस सेकंद. बोटावर भार काहीच नव्हता. "भिंत तुला धरत नाहीये," ती म्हणाली, "तू कुठे आहेस एवढंच सांगतेय."

भिंत बरोबर घेऊन फिरता येत नाही. काठी काही दिवस वापरली, पण काठी जमिनीचं सांगते, आजूबाजूच्या गर्दीचं नाही. शिवाय ती पडली की उचलायला वाकावं लागतं आणि वाकलं की मीच तिच्या शेजारी. मॅसॅच्युसेट्समध्ये इप्स्विचला 'सर्व्हिस डॉग प्रोजेक्ट' नावाची संस्था तोल जाणाऱ्या लोकांसाठी ग्रेट डेन तयार करून देते. एवढं मोठं कुत्रं कशाला, याचं उत्तर मला तिथल्या माहितीतून मिळालं. हात सरळ खाली सोडला की कुत्र्याच्या पाठीवर बांधलेल्या पट्ट्याची मूठ हातात यायला हवी. लहान कुत्र्याकडे वाकावं लागलं तर मुळातच सगळं मुसळ केरात. आणि पडल्यावर उठताना आधार द्यायचा तर कुत्र्याचं वजनही तेवढं हवं. संस्थांकडे रांगा असतात. मात्र इथल्या कायद्यानं कुत्रं स्वतः शिकवायलाही मुभा आहे. आम्ही तो मार्ग धरला. तो स्वस्त असेल असं वाटलं होतं. नव्हता.

घरी चर्चा झाली ती साधारण अपेक्षेप्रमाणेच. नवरा म्हणाला, आपल्या घरात माणसं मावत नाहीत. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आणायचंच ठरवलंयत तर नाव तरी धड ठेवा. टॉमी-बिमी नको." त्या पंढरपूरच्या. नाव त्यांनीच ठेवलं. इथले लोक तिला 'बीमा' म्हणतात. आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांना ते फार आवडतं. नवराही हप्ते भरल्याचा चेहरा करून सांगतो, हो, हाच आमचा विमा.

एप्रिल २०१८मध्ये भीमा घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती आणि नऊ किलोंची. आईबापांचे खुबे आणि हृदय तपासलेले आहेत, याचे कागद आम्ही आधी बघितले होते, कारण या जातीत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार आढळतो. ट्रेनर मिळाली ती साठीची, उभं आयुष्य कुत्र्यांत घालवलेली, फार कमी बोलणारी. मी वही-पेन घेऊन बसले होते. ती म्हणाली, "पहिले सहा महिने तिला फार काही शिकवू नकोस. तिला कंटाळायला शिकव."

म्हणजे काय, ते पुढच्या आठवड्यात कळलं. सुपरमार्केटच्या बाहेर, जिथे ढकलगाड्या एकात एक घालून ठेवतात, तिथल्या बाकावर मी आणि पिल्लू वीस मिनिटं बसायचं. गाड्या खणखणतात, दारं सरकतात, पोरं किंचाळतात, कुणी भाकरीच्या आकाराची टोपी घालून येतं. भीमानं बघायचं. बघून झालं आणि आपणहून माझ्याकडे वळून पाहिलं, की उकडलेल्या कोंबडीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. बस्स. हाक मारायची नाही, ओढायचं नाही, "बघ बघ ट्रक" म्हणून लाडही करायचे नाहीत. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत तिनं माझ्याकडे चारदा पाहिलं. दीड महिन्यानं मोजायचं सोडून दिलं, कारण ती बाकाखाली झोपायला लागली. झोपलेलं पिल्लू बघून ट्रेनर पहिल्यांदा हसली.

कोंबडी शाकाहारी घरात शिजवायची हा एक उपप्रश्न होता. गॅरेजमध्ये विजेची शेगडी आणि एक पातेलं वेगळं काढलं. सासूबाईंनी पातेल्यावर लाल नेलपॉलिशनं फुली मारली. ती अजून आहे.

शिकाऊ कुत्र्यांबद्दल देशाचा कायदा काही म्हणत नाही. ते राज्यागणिक बदलतं. त्यामुळे पहिली दोन वर्षं आम्ही वादात पडलोच नाही. हार्डवेअरची, बागेच्या सामानाची, पाळीव प्राण्यांच्या खाद्याची, अशी जिथे कुत्री चालतात तीच दुकानं. बाकी रेल्वे स्टेशनच्या बाहेर, शाळेच्या मैदानाच्या कडेला, बँकेच्या पायऱ्यांवर. गुळगुळीत फरशीवर तिचे चारी पाय चार दिशांना जायचे, म्हणून नखं दर आठवड्याला घासायची. जमिनीतल्या लोखंडी जाळीवर पाय द्यायला तिला अकरा दिवस लागले. सरकत्या जिन्यावर तिला कधीच नेलं नाही. पंजे अडकून चिरडतात. दहाव्या महिन्यात तिला अचानक फरशी पुसायच्या यंत्राचा धसका बसला. तोवर दहा वेळा पाहिलेलं यंत्र. चाळीस किलोंचं जनावर माझ्या मागे लपायला बघत होतं आणि मी तर मुळात भिंतीला धरून उभी. त्या दिवशी घरी आल्यावर मी ट्रेनरला फोन करून सांगितलं, नाही जमणार हे. ती म्हणाली, या वयात होतं असं, आता महिनाभर यंत्र लांबून दाखव. संस्थांमध्येही बरीच पिल्लं शेवटपर्यंत पोचत नाहीत, हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. ते एरवी धीर देणारं वाक्य नाही, पण त्या दिवशी मला बरं वाटलं.

आज्ञा सगळ्या मराठीत. रस्त्यावरच्या कुणीही इंग्रजीत 'सिट' म्हटलं तरी तिनं ढिम्म राहावं, एवढाच हेतू. चल, थांब, सोड, उभी, बस, दे, मागे. 'पायरी' म्हटलं की पायरीच्या कडेला थांबायचं. 'आड' म्हटलं की गर्दी आणि मी यांच्यामध्ये आडवं उभं राहायचं. ट्रेनर एका वहीत हे शब्द रोमन लिपीत लिहून घ्यायची आणि तिच्या तोंडून 'थांब'चं 'टाम' व्हायचं.

एक चूक मात्र राहून गेली. ती सापडली तीन वर्षांनी, ओक ट्री रोडवरच्या एका फरसाणाच्या दुकानात. ओक ट्री रोड म्हणजे साड्या, सोनं, मिठाई आणि पार्किंगची मारामारी. शनिवारची संध्याकाळ होती. काउंटरवरचा माणूस ढोकळा तोलत होता. "इतना, बेन?" एक तुकडा, आणखी एक. मी हात वर करून म्हणाले, "बस, बस." भीमा बसली. तिचं काय चुकलं? तिचा मागचा भाग खाली गेला, मूठ मागे कलली, मुठीबरोबर मी, आणि माझ्याबरोबर मागच्या मांडणीवरची चिवड्याची पाकिटं. मी पाकिटांवर पडले म्हणून लागलं नाही. भीमा माझ्याकडे बघत तशीच बसून होती, सुटी मिळाल्याशिवाय उठायचं नाही म्हणून. दुकानदारानं पैसे घेतले नाहीत, पण फुटलेली तीन पाकिटं मी घेऊन आले. 'बस'चं 'टेक' करायला पाच आठवडे लागले.

मधली गोष्ट राहिली. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं भरायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर मूठवाला पट्टा घालायचा नाही, जिने फार चढवायचे नाहीत, उंचावरून उडी मारू द्यायची नाही. खाणंही मोठ्या जातीच्या पिल्लांचं वेगळं असतं. कॅल्शियम जास्त झालं तर हाडं बिघडतात, म्हणून "दूध पाजा हो तिला, वाढतं अंग आहे" हे सासूबाईंचं म्हणणं रोज मोडून काढायचं. मार्च २०२०मध्ये तिच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढले. चांगले आले. मापाचा पट्टा मागवला. पट्टा दारात आला त्याच आठवड्यात सगळं जग बंद झालं.

मग आम्ही मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव केला. पांढऱ्या रेघांवरून सरळ, वळण, परत सरळ. मी मूठ धरून भारच टाकायची. चार वर्षं पडायची भीती घेऊन चालणारं माणूस दुसरं काय करणार. सहा फुटांवरून ट्रेनर ओरडायची, "टेकू नको, नुसतं लाव." शेवटी तिनं बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणली. एक वेफर मुठीवर ठेवायचा, त्यावर तळहात, आणि पार्किंगच्या टोकापर्यंत जायचं. मोडला तर परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी अख्खी पिशवी संपली. घरी मी भाजलेल्या उडदाच्या पापडाचे तुकडे वापरले. तो वेफरपेक्षाही नाजूक. खाली पडलेला चुरा भीमानं खायचा नाही, हा तिचा त्याच वेळचा अभ्यास. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी पापड अख्खा राहिला. दिवेलागण झाली होती, खाली डांबर उंचसखल होतं आणि मी न अडखळता शंभर पावलं आले होते. नवरा गाडीतून उतरून म्हणाला, "खा आता तो." खाल्ला.

लोकांना वाटतं कुत्रं मला ओढून नेतं किंवा मी त्याच्यावर रेलते. दोन्ही नाही. तिच्या खांद्याचा हेलकावा मुठीतून तळहाताला कळत राहतो, आणि उभं म्हणजे कुठलं ते डोक्याला सापडतं. बाकीची कामं आहेत. पडलेली किल्ली उचलून देणं, रात्री उठल्यावर दिव्याच्या बटणापर्यंत नेणं, मी पडलेच तर चारी पाय रोवून उभी राहणं. पण खरं काम ते तळहाताचं.

कायद्याचं आता थोडं, कारण प्रत्येक जण विचारतो. १९९०चा अपंगांचा कायदा आहे, त्याखाली दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. हे कुत्रं तुमच्या अपंगत्वामुळे लागणारं सेवा-कुत्रं आहे का, आणि त्याला कुठलं काम शिकवलेलं आहे. प्रमाणपत्र मागता येत नाही, कारण सरकारी प्रमाणपत्र असं काही मुळात नाहीच. इंटरनेटवर विकत मिळतात ती ओळखपत्रं आणि जॅकेटं म्हणजे निव्वळ धंदा. काम करून दाखव म्हणता येत नाही, आजार कोणता ते विचारता येत नाही. मात्र कुत्रं भुंकून गोंधळ घालत असेल आणि आवरत नसेल, किंवा आत घाण करत असेल, तर बाहेर काढता येतं. आणि काढावंच, असं माझं मत आहे. कुणीतरी हौसेनं जॅकेट चढवून आणलेल्या कुत्र्यानं भीमावर झडप घातली, त्यानंतर ती दोन महिने पिशवीतल्या कुत्र्यांना पाहून अंग चोरायची.

एका रेस्टॉरंटच्या दारात मॅनेजरनं कागद मागितले. मला हे सगळं पाठ होतं, ट्रेनरनं माझी तोंडी परीक्षा घेतली होती. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "राहू दे, आपण दुसरीकडे जाऊ." नवरा चिडला, त्याच्यावर नाही, माझ्यावर. मग मी मॅनेजरला त्यानं न विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. त्यानं आत जाऊन फोन केला, परत येऊन माफी मागितली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल दिलं. बसायची आमची एक पद्धत आहे. 'मागे' म्हटलं की भीमा ट्रकसारखी रिव्हर्स घेत कोपऱ्यात शिरते, आधी शेपूट, मग बाकीची. शेपूट वाटेत राहिली तर वेटर पडतो. ती शेपूट हा स्वतंत्र विषय आहे. आनंदानं भिंतींवर आपटून आपटून तिचं टोक फुटतं आणि घरात ओळीनं रक्ताचे ठिपके उडतात. पाहुण्यांना खून झाल्यासारखं वाटतं.

देवळांना हा कायदा लागू नाही. धार्मिक संस्थांना त्यातून सूट आहे. आमच्या नेहमीच्या देवळात मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते, पण नाही म्हणाले असते तर पुन्हा जाववलं नसतं. आता मी दारातून हात जोडते आणि सासूबाई तीर्थ बाहेर आणून देतात.

गणपतीचा प्रश्न वेगळा होता. मंडळाचा उत्सव भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या सभागृहात असतो. समितीतल्या एकांचा फोन आला, "वहिनी, आमची काही हरकत नाही, पण लोक..." या 'लोकां'ना मी अजून भेटलेली नाही. गेलो आम्ही. ढोलताशाचा आवाज महिनाभर आधीपासून रेकॉर्डिंगवर ऐकवला होता, रोज थोडा मोठा करत. तरी प्रत्यक्ष ढोल सुरू झाले तेव्हा आम्ही दोघी व्हरांड्यात शाळेच्या लॉकरांपाशी बसून राहिलो. आत गेल्यावर पहिल्यांदा पदर आवरले गेले. मग पोरांची रांग लागली. हात लावू का? आणि इथे माझी खरी पंचाईत. आपल्याकडे कुणी नुसतं 'नाही' म्हणतं का? 'नंतर हं', 'बघू हं', 'ती चावत नाही पण...' अशी मी सुरुवात करायची, तोवर तीन हात तिच्या डोक्यावर. तिचं लक्ष गेलं की माझा तळहात आंधळा होतो. शेवटी एका आजोबांनीच तोडगा काढला. ते निवृत्त फौजदार होते. पोरांना म्हणाले, "ए, ती ड्यूटीवर आहे. ड्यूटीवरच्या माणसाला हात लावतात का?" पोरं मागे सरली. आईबापही सरले. तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते, तिन्ही भाषांत.

हे सगळं सांगताना मी फार समजूतदार वाटत असेन. नव्हते. आजारानंतरची चार वर्षं मी एकच गोष्ट जिवापाड सांभाळली होती, ती म्हणजे कुणाला कळू न देणं. भिंतीकडून चालायचं. कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी पोचायचं, म्हणजे कुणी चालताना बघत नाही. कडेची खुर्ची. अंधार पडायच्या आत घरी. भीमा बाहेर काम करायला लागली आणि हे एका दिवसात संपलं. ग्रेट डेन घेऊन लपता येत नाही. दुकानात शिरलं की सगळ्या माना वळतात. अनोळखी माणसं माझा आजार विचारतात, त्यांच्या मेलेल्या कुत्र्यांचे फोटो दाखवतात. काही महिने मला तिचा राग यायचा. तिचा, म्हणजे स्वतःचा, पण दिसायची ती.

त्याच रागात २०२१च्या डिसेंबरात मी मुलीच्या शाळेतल्या गाण्याच्या कार्यक्रमाला तिला घरी ठेवून गेले. मुलगी तेरा वर्षांची, तिला तिच्या मैत्रिणींपुढे ओशाळं नको, असं मी नवऱ्याला सांगितलं. सभागृहात उतार होता. मी खुर्चीकडे निघाले आणि दिवे मालवले. पुढचं मला आठवतं ते एका अनोळखी गृहस्थाच्या मांडीवरचं, त्याच्या कॉफीसकट. पियानो थांबला. परतताना गाडीत मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, भीमाला आणलं असतंस तर सगळ्यांनी भीमाकडे बघितलं असतं."

त्यानंतर लाजेपायी मी तिला घरी ठेवलं नाही.

पुढच्या वसंतात आम्ही मॉरिसटाउनला गेलो, घरापासून तासाच्या आत. अंधांसाठी कुत्री तयार करणारी, १९२९पासून चालू असलेली 'द सीइंग आय' ही संस्था तिथली. गावाच्या फुटपाथवर जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडॉर घेऊन शिकवणारी माणसं दिसतात. एकीनं आम्हाला पाहून शांतपणे रस्ता ओलांडला, तिचं शिकाऊ कुत्रं विचलित व्हायला नको म्हणून. मला कोण बरं वाटलं. गावच्या हिरवळीपाशी मॉरिस फ्रँक आणि त्याच्या बडी या कुत्रीचा पुतळा आहे. टेनेसीतल्या नॅशव्हिलचा हा अंध तरुण. स्वित्झर्लंडला जाऊन त्यानं तिच्याबरोबर चालणं शिकून घेतलं, आणि १९२८मध्ये न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्यावर वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत तिथला सगळ्यात धोक्याचा रस्ता ओलांडला. कुत्रीचं मूळ नाव 'किस' होतं. चारचौघांत ते ओरडायची लाज वाटली म्हणून त्यानं ते बदललं. सगळ्या गावानं बघावं म्हणून मुद्दाम रस्ता ओलांडणारा माणूस, आणि लाज कशाची तर हाकेची. भीमानं पुतळ्यातल्या कुत्रीचं नाक हुंगलं, कामावर असताना, आणि मी तिला रागावले नाही.

बाकी रोजचं. अन्न दिवसातून दोनदा, आणि खाल्ल्यावर तासभर पळापळ नाही. या जातीत पोट फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. तिची नसबंदी केली तेव्हाच पोट आतून बरगडीपाशी टाके घालून बांधून घेतलं. तरी रात्री ती कोरड्या ओकाऱ्या काढतेय का, म्हणून कान असतो. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठानं पंजे सोलवटतात, म्हणून बूट. लाळेसाठी सासूबाईंनी पंढरपूरहून आणलेला पंचा कायम माझ्या खांद्यावर. मीटिंगलाही. सार्वजनिक स्वच्छतागृहात आम्ही मोठा खण घेतो, तरी तिचं नाक शेजारच्या खणात खालून निघतं आणि पलीकडून किंकाळी येते. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

२०२३मध्ये नाशिकला गेले ती तिला न घेता. एवढ्या कुत्र्याला एवढा प्रवास आणि मेचा उन्हाळा, प्रश्नच नव्हता. भावाच्या कोपराला धरून रविवार कारंजावर फिरले. भाऊ जिवापाड जपतो. खड्डा आला की वर ओढतो, रिक्षा आली की बाजूला दाबतो. त्याच्या प्रत्येक ओढीनं मी जास्तच डगमगायची. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मी त्याला म्हटलं, "दादा, मला धरू नकोस. नुसता उभा राहा." त्याला ते लागलं. माणसाला नुसतं उभं राहायला शिकवणं फार अवघड आहे. मी रात्री हॉटेलात पापड मागवून त्याला दाखवलंसुद्धा. त्यानं पापड खाल्ला.

भीमा आता सात वर्षांची झाली. ग्रेट डेनचं आयुष्यच सात ते दहा वर्षांचं. तोंडावर पांढरं आलंय. जूनमध्ये डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे पाहून सांगितलं की मूठ आता अर्धाच दिवस, जिने नकोत. मी ट्रेकिंगच्या दोन काठ्या घेतल्या आहेत. ऑफिसला मंगळवारी आणि गुरुवारी काठ्यांवर जाते. नवीन पिल्लाबद्दल घरात बोलणी चालू आहेत, म्हणजे मी बोलते आणि नवरा मापं काढतो. सासूबाईंनी नाव काढून ठेवलंय, सांगत नाहीत.

गेल्या गुरुवारी सकाळी काठ्या घेऊन निघाले तर भीमा पट्ट्याच्या खुंटीखाली उभी, दाराला आडवी. मी 'टेक' म्हटलं. टेकली नाही. 'मागे' म्हटलं. नाही. सात वर्षांत असं दोनदा-तीनदा झालंय आणि तेव्हा दर वेळी पुढे काहीतरी होतं, बर्फ किंवा सांडलेलं पाणी. मी बाहेर पाहिलं. ऊन होतं, रस्ता कोरडा. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. मी काठ्या ठेवल्या, पट्टा चढवला आणि आम्ही टपालपेटीपर्यंत जाऊन परत आलो, सावकाश, तळहात लावून. मग ती तिच्या गादीवर जाऊन पडली. ऑफिसला वीस मिनिटं उशीर झाला.